बोटांना दिसेल असा फोटो

गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सोलं, म्हणजे कोकमाची वाळवलेली सालं, घ्यायला आलेली बाई ढिगाकडे नुसती बघत राहत नाही. एक सोल उचलते, बोटांत दाबते. किती मऊ आहे, मीठ वर फुटलंय का, रंग बोटाला लागतो का, हे तिला लगेच कळतं. मग नाकाशी नेते आणि त्यानंतर भाव विचारते. काजू असले तर एक फोडून तोंडात टाकते, मडकं असलं तर टिचकी मारते, साडी असली तर पदर चिमटीत धरून चुरगाळते. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि विकणारीला एक शब्दही बोलावा लागत नाही.

तीच सोलं आता व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर आणि इन्स्टाग्रामवर जातात. सत्तरीतल्या, पेडण्यातल्या, काणकोणातल्या घरांतून माल निघतो आणि गिऱ्हाईक बसलेलं असतं पुण्यात नाहीतर बेळगावात. त्याचा हात मालापर्यंत पोचत नाही. त्या हाताचं काम फोटोला करायचं असतं. म्हणून फोटो काढायला बसताना ‘छान कसा दिसेल’ हे थोडं बाजूला ठेवावं आणि ‘हात लावला असता तर काय कळलं असतं’ हे आधी ठरवावं. ते ठरलं की उजेड कुठून घ्यायचा, किती जवळ जायचं, मागे काय ठेवायचं, हे पुष्कळसं आपोआप ठरतं.

बोटांना कळतो तो पोत, आणि फोटोत पोत दिसतो तो सावलीमुळे. सुरकुतीची एक कड उजळ आणि दुसरी काळोखी झाली तरच ती सुरकुती वाटते. फोनचा फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असतो, त्यामुळे त्याच्या उजेडाच्या सावल्या वस्तूच्या मागे लपतात आणि माल सपाट, तेलकट, शिळा दिसतो. फ्लॅश कायमचा बंद ठेवावा. उजेड हवा बाजूने, आणि तो घरातल्या एकाच खिडकीतून किंवा पडवीच्या एका उघड्या बाजूने घ्यावा.

सगळीकडे सल्ला मिळतो की उत्तरेची खिडकी धरा, तिथे ऊन येत नाही. गोव्यात हा सल्ला अर्धं वर्षच चालतो. गोवा साधारण साडेपंधरा अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत तो उगवतो नि मावळतोही पूर्व-पश्चिमेच्या थोडा उत्तरेकडे. म्हणजे ऐन पुरुमेताच्या, पावसाळ्याची बेगमी करायच्या दिवसांत, जेव्हा सोलं, मिरच्या, चिंच, पापड सगळं विकायला तयार असतं, तेव्हा उत्तरेच्या खिडकीतून सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन आत येतं. त्या दिवसांत खिडकीपुढे मलमलीचा पांढरा कपडा किंवा बटर पेपर ताणून लावावा. ज्यांच्या घराला जुनी शिंपल्यांची खिडकी अजून शिल्लक आहे त्यांना हे करावं लागत नाही. पातळ शिंपल्यांतून येणारं ऊन पसरून, मऊ होऊन येतं. स्टुडिओत त्यासाठी कापडी पेटी विकत आणतात. फक्त तो उजेड जरा पिवळसर असतो, तेवढं मागाहून रंग जुळवताना लक्षात ठेवावं.

पडवीत काम करणार असाल तर वर आणि भोवती काय आहे ते आधी बघा. पावसाळ्यात झड अडवायला निळी ताडपत्री बांधलेली असते. तिच्यातून गाळून आलेल्या उजेडात हळद हिरवट आणि काजू आजारी दिसतात. उघड्या चिऱ्यांची भिंत जवळ असली तर पांढऱ्या बशीला तांबूस झाक येते. कुळागराच्या कडेला, माडा-पोफळींच्या सावलीत, सगळ्यावर हिरवी छटा चढते. डोळा हे रंग झटकून टाकतो, आपल्याला ती बशी पांढरीच दिसते, म्हणून फोटो बघेपर्यंत काही चुकलंय हेच कळत नाही. खात्री करायची तर कोरा पांढरा कागद मालाच्या जागी ठेवून एक फोटो काढावा. कागद ज्या रंगाचा आला तो रंग तुमच्या प्रत्येक फोटोत शिरणार आहे. घरातला बल्ब किंवा ट्यूबलाइट मात्र बंदच करावी. खिडकीचा उजेड निळसर आणि बल्बचा पिवळा, दोन्ही एकत्र आले की वस्तूची एक बाजू निळी, दुसरी पिवळी होते आणि ती कुठल्याही अ‍ॅपमध्ये धड दुरुस्त होत नाही.

मांडणीला फार लागत नाही. टेबल खिडकीपासून दोनेक फुटांवर, खिडकी तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला. टेबलाच्या मागे भिंतीला चिकटवून खाली टेबलावर ओघळत येणारा मोठा कार्डपेपर, मध्ये घडी न पाडता, म्हणजे मागे रेघ दिसत नाही. खिडकीच्या समोरच्या बाजूला, वस्तूपासून फूटभरावर, पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा उभा करायचा. तो काळोख्या बाजूला थोडा उजेड परत फेकतो. थर्माकोल जवळ आणला की सावली फिकी, लांब नेला की गडद, आणि तो काढून तिथे काळा कागद लावला तर पोत आणखी उठून येतो. टेबल खिडकीपासून लांब नेलं की उजेड कमी होतो आणि सावलीची कडही करकरीत होते, कारण वस्तूच्या जागेवरून खिडकी लहान दिसू लागते. मऊ सावली हवी असेल तर वस्तू खिडकीजवळ सरकवायची. या सगळ्यात टेबल सरकवणं हेच सगळ्यात मोठं अवजार आहे.

आता फोन. सर्वांत आधी लेन्स पुसायची, जुन्या धुतलेल्या सुती कपड्याने. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या फोनच्या काचेवर खोबरेलाचा, तुपाचा हात लागलेला असतोच, आणि फोटोत सगळं धुक्यात असल्यासारखं पांढुरकं दिसण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं. एसीच्या खोलीतून फोन थेट पडवीत आणला तर दमट हवेने काचेवर बाष्प धरतं. अशा वेळी फोन झिपच्या पिशवीत घालून बाहेर आणावा, पंधरा-वीस मिनिटं थांबावं आणि मगच उघडावा.

जवळ जाऊन फोटो काढायचा मोह आवरावा. फोनची मुख्य लेन्स रुंद नजरेची असते. वीतभर अंतरावरून बरणी टिपली तर तिचं पोट फुगतं आणि बूड निमुळतं होतं. तीन फूट मागे यावं आणि २ पट झूम करावं. बऱ्याच नव्या फोनांत हे २ पट मुख्य सेन्सरच्या मधल्या भागातूनच घेतलेलं असतं, त्यामुळे नुकसान फारसं होत नाही. अगदी जवळ गेलं की काही फोन न विचारता अतिरुंद लेन्सवर उडी मारतात, ती आपोआपची मॅक्रो सोय बंद करून ठेवावी. मागचा भाग धूसर करणारा पोर्ट्रेट मोडही इथे कामाचा नाही. कुठलं जवळ, कुठलं लांब, याचा फोन अंदाज बांधतो आणि काचेच्या कडेशी, सुटलेल्या धाग्याशी, मिरचीच्या देठाशी तो चुकतो, मग बरणीचा कान अर्धा धूसर होतो. मागचा भाग धूसर हवाच असेल तर वस्तू आणि मागची भिंत यांत तीन-चार फूट अंतर ठेवा, धूसरपणा खरा येईल.

फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या मालावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. मग बोट वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करायचा. हे हाताने करावं लागतं, कारण कॅमेरा असं धरून चालतो की समोरचं चित्र सरासरीने मध्यम राखाडी आहे. पांढऱ्या कागदावर पांढरी बशी ठेवलीत तर तो घाबरून उजेड कमी करतो आणि सगळं मळकट राखाडी होतं. काळ्या लाकडावर काळी वस्तू ठेवलीत तर उलट करतो. पांढऱ्यावर काम करताना उजेड थोडा वाढवायचा, काळ्यावर कमी करायचा.

सोलांचं दुखणं इथेच आहे. ती जवळजवळ काळी. पांढऱ्या बशीत ठेवली की कॅमेरा बशीसाठी उजेड उतरवतो आणि सोलांचा डांबरासारखा गोळा होतो. उजेड चढवला तर बशी जळते, म्हणजे नुसता पांढरा डाग उरतो. बशीच बदलावी. बांबूचं जुनं सूप किंवा रोवळी मधल्या रंगाची असते, तिच्यावर सोलं ठेवली की दोघांचंही जमतं. खिडकी किंचित मागच्या बाजूला घ्यावी, घड्याळाच्या काट्यांत सांगायचं तर तुम्ही सहाच्या जागी आणि खिडकी दहाच्या. मग प्रत्येक सुरकुतीच्या कडेवर बारीक चमक धरते आणि ओलावा दिसतो. एक सोल फाडून आतली जांभळट-लाल बाजू वर करून ठेवावी. आणि शेवटी चार सोलं पाण्यात भिजवून पातळ काचेच्या पेल्यात घालावीत, पेला खिडकीसमोर, उजेड आरपार येऊ द्यावा. तो माणकासारखा लाल रंग बघितला की सोलं जुनी आहेत की यंदाची हे विचारायची वेळ येत नाही. आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाच्या, बाटलीचंही तसंच. भरलेल्या बाटलीतून उजेड पार होत नाही, ती नुसती काळी उभी राहते. तिच्या शेजारी, पितात तेवढं पाणी घातलेल्या सरबताचा पेला हवा.

काजूंच्या बाबतीत तक्रार येते ती आकाराची. व्यापारात डब्ल्यू-२४० म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅमात, २२० ते २४० अख्खे गर. डब्ल्यू-३२० म्हणजे ३०० ते ३२०. एक गर साधारण दोन ग्रॅमांचा आणि दुसरा दीड ग्रॅमांच्या आतबाहेरचा, हा फरक हातात लगेच कळतो. फोटोत मात्र जवळून टिपलेला कुठलाही काजू टपोराच दिसतो. गिऱ्हाइकाने मोठा समजून मागवला आणि पिशवी उघडून नाराज झालं, तर दोष काजूचा नाही, फोटोने खोटं सांगितलं. म्हणून एका फोटोत तळहातावर पाच-सहा काजू असलेच पाहिजेत. हात कुणाचाही चालतो, राबलेला असला तरी, फक्त धुतलेला आणि कोरडा. सालीसकट भाजलेले काजू असतील तर एकाची साल अर्धी सोलून ठेवावी, आतला रंग हीच भाजणीची पावती.

बेबिंका, म्हणजे गोव्याचा थराथरांचा गोड केक, हे कापलेल्या बाजूचं पक्वान्न. वरून बघितलं तर तपकिरी चकती, बाजूने बघितलं तर एकेक थर भाजून त्यावर पुढचा ओतल्याचे सगळे कष्ट दिसतात. २०२३ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे बाहेरून विचारणाही होते, आणि तरी कितीतरी फोटो वरूनच काढलेले दिसतात. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नये, थर एकमेकांत लिंपतात. पातळ पात्याची सुरी गरम पाण्यात बुडवावी, पुसावी, एकाच दाबात खाली न्यावी आणि प्रत्येक कापाला पुन्हा पुसावी. तुकडा दोन बोटं जाडीचा. लेन्स तुकड्याच्या उंचीवर आणायची, त्यासाठी फोन टेबलावरच उभा करावा लागतो. उजेड बाजूने, म्हणजे थराथरातली रेघ सावलीने उठते. तुपाची चमक वरच्या कडेवर हवी, कापलेल्या बाजूवर पांढरे डाग पडत असतील तर टेबल थोडं फिरवून बघा. ताट वरून, वाटी तिरकी, बाटली आणि केक समोरून, एवढं कोनांबद्दल पुरे.

खोबरेलाबद्दल एक गोष्ट विकणाऱ्यांनी मनावर घ्यायला हवी. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. आपल्याकडे वर्षाचे बहुतेक दिवस ते पाण्यासारखं असतं आणि फोटोही तसाच जातो. डिसेंबरात दिल्लीला बाटली पोचते ती पांढरी घट्ट, आणि गिऱ्हाईक भेसळ म्हणून परत पाठवतं. दोन्ही रूपांचे फोटो शेजारीशेजारी द्यावेत. बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवली की दुसरं रूप मिळतं, फक्त बाहेर काढल्यावर काचेवरचं दव पुसून घ्यावं. काचेच्या बाटलीसाठी उजेड मागून हवा. बाटलीपेक्षा थोडा लहान पांढरा पुठ्ठा कापून तिच्या मागे तिरका टेकवला तर तेल आतून उजळतं. आणि बाटलीच्या दोन्ही बाजूंना चौकटीबाहेर काळ्या कागदाच्या पट्ट्या उभ्या केल्या की काचेची कड काळ्या रेघेने आखल्यासारखी स्पष्ट होते. पट्ट्या काढल्या तर पांढऱ्यात काच विरघळून जाते.

पितळेची समई किंवा तांब्या हा खरं तर आरसाच. त्यात खिडकी दिसते, फोन दिसतो, काढणाऱ्याचा लाल झगाही दिसतो. फिका, साधा कपडा घालून काम करावं, दोन्ही बाजूंना पांढरे कागद आणि एका बाजूला बोटभर रुंदीची काळी पट्टी. चिंचेने घासून झालं की पुढे सुती रुमालानेच धरावी, बोटांचे ठसे फोटोत प्रत्यक्षापेक्षा जास्त उठतात.

लाल रंग फोनला झेपत नाही. काणकोणातल्या खोल गावच्या मिरच्या असोत की कुणबी साडीचा लाल, फोन तो इतका पेटवतो की आतले बारकावे जातात आणि नुसता लाल ठिगळ उरतो. उजेड थोडा उतरवून काढावा, आणि जेवणाचा मोड, रंग आपोआप खुलवणारी सोय, सगळं बंद. साडीच्या बारीक चौकड्यावर कधीकधी लहरींसारखे रंगीत पट्टे येतात. विणीची जाळी आणि सेन्सरची जाळी एकमेकींवर पडल्याने ते होतं. फूटभर मागे-पुढे व्हा किंवा कोन जरा बदला, पट्टे जातात. पदर सपाट पसरून टाकण्यापेक्षा एक सैल घडी घालून ठेवला तर जाडी आणि पडण्याची ढब दोन्ही कळतं.

पावसात फोटो होत नाहीत असं म्हणतात, ते मला पटत नाही. ढगाळ आभाळ म्हणजे क्षितिजापासून क्षितिजापर्यंतची एकच मऊ खिडकी. उजेड कमी असतो इतकंच, आणि कमी उजेडात हात हलला की फोटो पुसट होतो किंवा त्यात रव्यासारखे कण दिसतात. फोन तांदळाच्या पिशवीत रोवून उभा करावा आणि तीन सेकंदांचा टायमर लावावा. बटण दाबल्याचा धक्का जिरेपर्यंत फोन स्थिर होतो.

फोटोत मालाशेजारी काय ठेवावं, याबद्दल माझं मत ठाम आहे. ज्याने माल बनला किंवा ज्यात तो वापरतात तेवढंच. सोलांशेजारी भिरंडाचं, म्हणजे कोकमाचं, फळ, बेबिंक्याशेजारी जायफळ. शंखशिंपले, गवती टोपी आणि समुद्रकिनारा लोणच्याच्या बरणीबद्दल काहीच सांगत नाहीत, आणि त्यामुळे सत्तरीतलं लोणचं कळंगुटच्या किनाऱ्यावरच्या, पर्यटकांच्या दुकानातलं वाटू लागतं.

रंग जुळवायला स्नॅपसीड हे अ‍ॅप पुरतं. त्यात फोटोतल्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं की छटा निघून जाते. जुळवण्याआधी फोनचा रात्रीचा पिवळा पडदा बंद करायला विसरू नका, नाहीतर जास्तीचा निळा घालून बसाल. फोटोवर भाव, फोन नंबर, फुलांच्या चौकटी लिहू नयेत, ते खालच्या मजकुरात. इन्स्टाग्रामसाठी उभा ४:५, म्हणजे १०८० बाय १३५०, पण २०२५ च्या जानेवारीपासून प्रोफाइलवरचे चौकोन ३:४ झाले आहेत, त्यामुळे कडेचा थोडा भाग कापला जातो. माल मधोमध ठेवा. अ‍ॅमेझॉनवर जायचं असेल तर पहिला फोटो शुद्ध पांढऱ्यावर आणि मालाने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर दुसऱ्याला फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तो दाबून लहान केला जात नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये एका वस्तूला दहा फोटो लावता येतात. त्यातला एक पाकिटाच्या मागच्या बाजूचा असावा, घटक, वजन, तारीख आणि चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक वाचता येईल असा. बाजारात पाकीट उलटून बघतात, ते हेच बघायला.

टाकण्याआधी सोलांची वाटी खिडकीशी ठेवा, शेजारी फोन, आणि रंग ताडून बघा. मग तो फोटो घरातल्या, वाटी न बघितलेल्या कुणाला तरी दाखवा आणि विचारा, ही मऊ आहेत की कडक, मीठ जास्त की बेताचं. ‘कडक दिसतायत’ असं उत्तर आलं आणि वाटीतली मऊ असली, तर टेबल अजून जागचं हललेलं नाही, उजेडही तसाच आहे. खिडकी थोडी आणखी मागे येईल असं टेबल फिरवून पुन्हा एक काढायचा.